एकच अकाउंट

दातांच्या दवाखान्यात नंबर यायचा होता. शेजारी मायलेकी बसल्या होत्या.

"मनातलं सगळं त्या चॅटबॉटला सांगतेस. आई काय मेलीय का?"

"तो मध्येच 'आमच्या वेळी' म्हणत नाही. मावशीला फोन करून सांगतही नाही."

"यंत्राला काय कळतंय डोंबल!"

"मग तू कशाला विचारलंस त्याला, 'मुलगी माझ्याशी बोलत नाही, काय करू?'"

"तू माझं वाचलंस?"

"घरात एकच अकाउंट आहे, आई. तुझा प्रश्न माझ्या प्रश्नाच्या वरच दिसतो."

"तुला काय म्हणाला तो?"

"आईशी बोल म्हणाला. लगेच आले होते मी स्वयंपाकघरात."

"मग बोलली का नाहीस?"

"तू म्हणालीस, थांब जरा, महत्त्वाचं टाइप करतेय."