साडूची फ्रेम

अबे, फोटो काढणाऱ्यांचं नाव नको घेऊ माह्यासमोर! माहा साडू नवा कॅमेरा घेऊन आला, म्हणून त्याले वैनगंगेच्या पात्रात नदीसुरय पक्ष्याचं घरटं दाखवायले नेलं. घरटं म्हंजे रेतीतला खड्डा, त्यात दोन पिल्लं. मे महिन्याचं ऊन, रेती तव्यावानी तापलेली. मादी पोट भिजवून पिल्लांवर बसायले येऊन राह्यली होती, पण हा कॅमेरा घेऊन समोरच लोळला, तं ती उतरन कशी? पिल्लं चोच वासून धापा टाकत होती. उठ म्हटलं तं उठेना. शेवटी मी माहा दुपट्टा ताणून त्यांच्यावर सावली धरली.

तर हा म्हणते, "भाऊ, दुपट्टा फ्रेममधी येऊन राह्यला. काढा ना!"

"अन् पिल्लं मेली तं?"

"दोनच मिनिटं, भाऊ."

डोकंच सणकलं माहं. कॉलर धरून उठवला अन् फरफटत दूर नेला. मागं पाह्यलं, तं मादी पिल्लांवर बसली होती.

परतताना रेती तुडवता तुडवता साहेब म्हणते, "भाऊ, डोकं लई तापलं. दुपट्टा द्या ना."

मी तोच दुपट्टा आपल्या डोक्याले गुंडाळला. म्हटलं, "चाल चुपचाप. फ्रेममधी येते."