शिंप्याची मिशी

गावचं बुद्धिबळाचं अजिंक्यपद शिंप्याच्या हातून गेल्याची बातमी फुटली, त्याच सकाळी तो पैजेप्रमाणे मिशी उतरवायला न्हाव्याकडे आला. मागोमाग जिंकलेला घड्याळजीही आला. बाकावर मास्तर बसले होते. बायको गेल्यापासून दोन महिने त्यांनी केस कापले नव्हते.

“सहा-सहा बरोबरी! शेवटच्या डावात तुझा वजीर मारला होता मी!” शिंपी खुर्चीत बसत म्हणाला.

“मारलास. मग घड्याळाचं बटण दाबायला काय माझी आत्या येणार होती?”

“आनंदाच्या भरात बटण न दाबताच चहाला गेलो रे! माझी वेळ पळतेय हे तुला दिसत होतं ना?”

“दिसत होतं की! वीस मिनिटं श्वास रोखून बसलो होतो.”

न्हाव्याचा वस्तरा हसण्याने हलू लागला.

“दादा, आधी हसून घ्या, मग वस्तरा लावा!”

“थांबा हो!” घड्याळजी म्हणाला. “मिशी राहू द्या. मी पैज सोडली.”

“का? दया आली?”

“दया कसली! मिशी थरथरली की कळतं, याची चाल फसवी आहे. ती गेली तर पुढच्या वर्षी मी मेलोच!”

“काय? तीस वर्षं मिशी बघून खेळतोस? दादा, उतरवा! मुळासकट उतरवा!”

मास्तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

“आमची ही माझे कान बघायची,” ते म्हणाले. “लाल झाले की समजायची, मी अडकलो.”

“मग शेवटचा डाव कोणी जिंकला, मास्तर?” न्हाव्याने विचारलं.

मास्तरांनी कपाळावर आलेले केस मागे सारले. दवाखान्यात जाण्याआधी तिने घोडा पुढे टाकला होता. घरी पट अजून तसाच मांडलेला होता आणि खेळी मास्तरांची होती.