दिन्याचा ऑटो-रिव्हर्स डेक

तुम्ही हसाल, पण हमरापूरच्या दिन्याला तो डेक मीच घ्यायला लावला. कॅसेटचा जमाना होता. दिन्या गणपतीचे डोळे आखायचा. अँप्लिफायर, स्पीकर एकदम झकास निवडले, पण पेणच्या दुकानात साधाच डेक धरून बसला.

मी म्हटलं, "गाढवा, ऑटो-रिव्हर्स घे. रंगाच्या हातांनी कॅसेट उलटणार कोण?"

त्याच्या मूर्तींच्या कारखान्यात डेक जोडला. त्यानं वारलेल्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, भजनाची कॅसेट लावली. अण्णांनी ती तिथंच बसून टेप केलेली, पण दुसरी बाजू कोणी कधी ऐकलीच नव्हती. दिन्या मोठ्या मूर्तीचे डोळे आखत होता. भजन संपलं, खट् झालं, दुसरी बाजू सुरू झाली. नुसती खरखर. मग अण्णांचा आवाज आला, "दिन्या, डावा डोळा बघ. खाली गेलाय."

मी मूर्तीकडे पाहिलं. खरंच खाली गेला होता.

"जुनं टेपिंग हाय रे," म्हणत मी बटणाकडे हात नेला. "तेव्हाही तू चुकला असशील."

"हात नको लावू," दिन्या म्हणाला. मग स्पीकरकडे बघून, "व्हय अण्णा, पुसतो."

त्यानं डोळा पुसला, सावकाश परत आखला. तोवर नुसती खरखर. त्यानं डोळ्यावरून कुंचला उचलला आणि स्पीकरमधून अण्णांचा आवाज आला,

"हां. आता गणपती बघतोय."