वास्तुशांतीच्या आदल्या दिवसापर्यंत

माझं नाव शांता. आता लिवायचंच म्हणताय तर पैलं एक ध्येनात घ्या, आमच्याकडं बायाबी मी आलो, मी गेलो असंच बोलत्यात, ते तुम्ही आले-गेले करू नगासा, हाय तसंच ऱ्हाऊ द्या. गाव माझं मुरगूडच्या पलीकडं, बौद्धवाडा गावाच्या खालच्या अंगाला, आन सासरबी त्याच बाजूचं. सासरी एक सोपा, एक खोली, त्यात तीन भावांचं संसार, पाय लांब केला तर जावंच्या पाठीला लागायचा. लग्नाला वरीस झालं नसंल, नवरा म्हणाला, चल कोल्हापूरला, बांधकामावर जाऊया. मी व्हय म्हणालो. कुठं जायचं ते इचारलं सुदिक न्हाय, मला तिथनं उठायचं हुतं एवढंच.

तवा ही कॉलनी कुठली हो, सगळा ऊसच की. नव्वद सालानंतरची गोष्ट सांगालोय. आबा म्हणून एक म्हातारं शेतकरी हुतं, त्यांचं हे रान. ते इकलं, प्लॉट पडलं, चुन्याच्या रेघा मारल्या, आन आबा नव्या घेतलेल्या स्कूटरवर मागं बसून रोज यायचं, पोरगा चालवायचा, आन रेघांतनं हिंडायचं. मला म्हणायचं, पोरी, तू उभी हाईस न्हवं, तिथं माझी हीर हुती. मी आपली चार पावलं बाजूला सरकायचो. मला काय ठावं, हीर बुजवल्यावर तिच्यावर उभं ऱ्हायचं का न्हाय ते.

कामाची रीत अशी, बंगल्याचा पाया भरला की साइटवर एक जोडपं ठेवायचं. दिवसा गवंड्याच्या हाताखाली राबायचं, सांज-सकाळ भिंतीला, स्लॅबला पाणी मारायचं, आन सिमेंटवर, सळीवर नजर ठेवायची, वॉचमनच म्हणा. पैल्यांदा पत्र्याची खोपी, मग स्लॅब पडला की घरात. खिडक्यांला पोती लावायची, तीन विटांची चूल, कोनाड्यात बुद्धाचा फोटो. खिळा मारायचा न्हाय, भिंत दुसऱ्याची. गिलावा सुरू झाला की ह्या खोलीतनं त्या खोलीत, फरशी बसली की जिन्याखाली, रंगवाला आला की मागच्या अंगाला, आन वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी भायेर. तवर समोरच्या प्लॉटवर पाया निघालेला असायचाच. बोचकं डोस्क्यावर घ्यायचं आन रस्ता वलांडायचा. काय सांगू पावणं तुम्हाला, ह्या कॉलनीत मी बोटानं दावतो, त्या घराच्या हॉलमधी मला हिवताप आलता, त्या जिन्यावर बसून आम्ही दोघं कडाकडा भांडलोय, आन ते कोपऱ्यावरचं जांभळ्या वेलीचं, त्याच्या सैपाकघरात माझी रूपा जन्मली. त्या घरच्या म्हातारीनं मागनं सगळीकडं गोमूत्र शिंपडलं. बाळंतपणाचं म्हणून का आमच्या जातीचं म्हणून, तिनं सांगितलं न्हाय, मी इचारलं न्हाय. सून मातूर भली, पदराखाली लपवून बाळाला दुपटं आणून दिलं.

मग हळूहळू वस्ती भरली. डाक्टर आलं, फौंड्रीवालं आलं, साखर कारखान्यातलं साहेब आलं, इचलकरंजीचा एक यंत्रमागवाला आला, त्यानं तर दारात दोन दगडी हत्तीच बसवलं. दारावर नावं, मातृछाया, आईची कृपा, आन आई बिचारी गावाकडंच. बाग झाली, बागंत सकाळी पांढरं बूट घालून मोठमोठ्यानं हसायला लागली माणसं. पैल्यांदा मला वाटलं कुणाला तरी काय झालं, मी हातातली पाटी टाकून पळत गेलतो. तर ती तब्येतीसाठी हसालती. गाड्या आल्या, कुत्री आली, कुत्र्यांला फिरवायला गडी आलं. चांगली माणसं हुती, वाईट म्हणत न्हाय मी. सणाला ताट यायचं. पर ताट कंपौंडवरनं यायचं.

रूपाला एक खोड हुती. नव्या बंगल्यात गेलो की ती आधी सगळीकडं हिंडायची आन एक खोली धरायची. ही माझी, म्हणायची. आम्ही हसायचो. दुसरीत असताना एका इंजिनिअर सायबाचा बंगला झाला, त्याच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीतनं पन्हाळा दिसायचा. ती तिनं धरली. तिथंच निजायची, तिथंच पाढं म्हणायची. काम लांबलं, त्या घरात आम्ही लैच दिवस काढलं. मग आली वास्तुशांती. आदल्या दिवशी आम्ही समोरच्या साइटवर गेलो. सकाळी बघतो तर रूपा जाग्यावर न्हाय. इकडं बघ, तिकडं बघ. तेवढ्यात सायबाची बायको, वैनी, पैठणी नेसलेली, रस्त्यावर आली आन म्हणाली, शांताबाई, वरची खोली आतनं बंद हाय, तुमची पोरगी हाय का बघा.

खाली होम पेटलेला, भटजी बसलेलं, पावणंरावळं जिन्यावर उभं. मी दाराशी गेलो, रूपा, उघड ग बाई, मारत न्हाय. परत म्हणालो. मग ती आतनं म्हणाली, आई, दरवेळी आपुनच का जायचं? वैनी म्हणाल्या, बाळ, उघड, तुला बाहुली देतो. सायबाचा मेव्हणा तिथं हुता, तो मोठ्यानं बोलला, ह्या लोकास्नी घरात घेतलं की असंच हुतंय, पाय पसरत्यात. सगळ्यांनी ऐकलं. रूपाच्या बापानंबी ऐकलं. तो खाली पायरीवर उभा हुता, चपला हातात घेऊन. त्या घराची फरशी त्यानंच बसवलती, पर त्या दिवशी तिच्यावर पाय ठेवायला त्याला नको झालतं. तो वर आला. माणसं बाजूला झाली, त्यास्नी वाटलं आता हा दार मोडतोय. तर तो दारापाशी खाली बसला आन हळूच म्हणाला, रूपा, उघड. मी बांधतो तुला घर. तुझी खोली करतो, तिला दार तुझं, कडी तुझी. आतनं आवाज आला, कवा? त्यानं बोटावर वर्सं मोजली. मग म्हणाला, तुझी शाळा संपायच्या आत.

कडी निघाली. पोरगी भायेर आली, डोळ्यांत पाणी न्हाय, कुणाकडं बघणं न्हाय. वैनींनी लाडू पुढं केला, तो घेतला न्हाय. बापाचा हात धरून खाली उतरली.

त्या दिवसापासनं माझा नवरा बदलला. ठेकेदार म्हणाला, समोरचा बंगला तरी पुरा करा. हा न्हाय म्हणाला. दुसऱ्याच्या भिंतीत आता ऱ्हायचं न्हाय. मग आम्ही इचलकरंजीजवळ कबनूरला गेलो, नणंद हुती तिथं, भाड्याची खोली घेतली, हा यंत्रमागावर कामाला. काय ते गाव, दिवसभर खटखट, खोलीची भांडी सुदिक मांडणीवर हलायची. मला तिथं करमंना. पाणी मारायला भिंत न्हाय, हात रिकामं, मी नुसता हिंडायचो. ह्याच्या छातीत कापसाची धूळ बसली, खोकला थांबंना. परत फिरलो. आता हा गवंडी म्हणून कामाला, मी त्याच कॉलनीत चार घरच्या भाकऱ्या करायला. ऱ्हायला कॉलनीच्या कडंच्या ओढ्यापलीकडं, भाड्यानं. पोटाला चिमटा घेऊन तिथंच एक तुकडा जमीन घेतली, आन सुट्टीच्या दिवशी ह्यानं भिंत उचलायची, मी माल कालवून द्यायचा. बंगल्यांच्या उरलेल्या फरशा मागून आणल्या. माझ्या घरात एक फरशी दुसरीसारखी न्हाय बघा.

रूपा बारावीला हुती त्या सालात घर पुरं झालं. ह्यानं शब्द राखला. तिची खोली केली, कडी तिच्या हातानं बसवून घेतली. पोरगी एक उन्हाळा तिथं झोपली. मग तिला पुण्याला नर्सिंगला नंबर लागला. मी म्हणालो, कोल्हापुरात बघ की ग, तुझ्या बापानं जीव काढून खोली बांधलीय. ती बापाकडं वळून म्हणाली, आण्णा, मला खोली पायजे हुती तवा पायजे हुती, आता मला जाऊ द्या. तो म्हणाला, जा. एवढंच. ती गेल्यावर दोन दिस तिच्या खोलीत बसून हुता, मग भायेर येऊन दाढी केली आन कामाला गेला.

आता ती तिकडंच दवाखान्यात नोकरीला हाय, बरं चाललंय तिचं. हा घरात खुशाल असतोय, दारात बाजलं टाकून बसतोय, त्याला कुठं जायचं नसतंय. माझंच असं हाय. मला बसवत न्हाय. भाकऱ्या झाल्या की कॉलनीतनं एक फेरी मारल्याबगार पाय घराकडं वळत न्हाईत. आता तिथं गेट झालंय, निळ्या कपड्यातला नवा गडी इचारतोय, मावशी, कुणाकडं? मी म्हणतो, सगळ्यांकडं. तो येडी समजून सोडतोय.

मागल्या आठवड्यात बिल्डरचा माणूस आलता दारात. ओढ्याच्या ह्या बाजूलाबी आता बंगलं व्हणार, तुमचा तुकडा मधी येतोय, द्या म्हणाला. हा बाजल्यावरनं उठला सुदिक न्हाय, न्हाय म्हणाला. त्यानं मला इचारलं, मावशी, तुमचं काय? मीबी न्हाय म्हणालो, का देऊ हो, ह्यातली वीट अन् वीट माझ्या हातातनं गेलीय. तो गाडीकडं निघाला आन माझ्या तोंडातनं गेलंच की, साइटवर वॉचमन मिळाला काय हो तुम्हाला? ह्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी चुलीकडं गेलो.

असं हाय बघा. चहा गार झाला तुमचा, घ्या. पोरंबाळं बरी हायत न्हवं? सुखी ऱ्हावा. मी जरा त्या बिल्डरच्या नव्या साइटकडं जाऊन येतो, आज पायाचं खड्डं काढणार म्हणालतं.