वर पत्रा, बाजू मोकळ्या

सभेचे अध्यक्ष आणि या रंगाच्या कारखान्याचे व्यवस्थापक महोदय, व्यासपीठावर बसलेले संघटनेचे चिटणीस, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या चाचणी विभागाच्या प्रमुख बाई, समोर बसलेले त्यांचे सर्व सहकारी, आणि तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसलेले माझे यजमान, आपणां सर्वांना माझा नमस्कार.

घरच्यांच्या वतीने कुणीतरी बोला, असं चिटणीससाहेब परवा घरी येऊन म्हणाले. माझे यजमान सत्कारमूर्तींचे सख्खे धाकटे भाऊ, तेव्हा हा मान खरा त्यांचा. पण ताईविषयी बोलायचं म्हटलं की त्यांचा गळा दाटून येतो आणि पुढचं कुणाला काही कळत नाही. म्हणून मी उभी आहे. मी भावजय. नणंदेविषयी बोलताना भावजयीचा गळा सहसा दाटत नाही, त्यामुळे ऐकू नीट येईल. शिवाय माझी सगळी नोकरी न्यायालयात लघुलेखक म्हणून झाली. समोरचा रडो, ओरडो, धडधडीत खोटं बोलो, आपण मान खाली घालून उतरवून घ्यायचं, मत द्यायचं नाही. आजही तसंच बोलायचा विचार आहे. शेवटी थोडं मत येईल, त्याची आगाऊ कल्पना देऊन ठेवते.

आपण माझ्या वन्सांना माघारी ‘काटेवाल्या बाई’ म्हणता. त्यांना ते माहीत आहे. नाव त्यांना आवडतं, हे मात्र तुम्हांला माहीत नसेल. आमच्या गच्चीवर त्यांनी निवडुंग वाढवलेत. एखाददुसरी कुंडी नव्हे, गच्ची भरून. चेंडूसारखे गोल, खांबासारखे उभे, केसाळ, टकले, सगळे. मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या सकाळी चहाचा पेला घेऊन वर गेले. वन्सं तेव्हाही गच्चीवरच्या खोलीत राहायच्या, आजही तिथेच राहतात. मला बघून म्हणाल्या, “जपून गं, उजवीकडे सरकू नकोस.” मी सरकले. मग बराच वेळ त्या चिमटा घेऊन माझ्या कोपरातले काटे उपटत बसल्या. एकीकडे चहा पीत होत्या. शेवटी म्हणाल्या, “चला, ओळख झाली.”

आता हे सगळं त्या कुठे शिकल्या? तर इथे, तुमच्या डोक्यावरच्या गच्चीत. रंग लावलेल्या पत्र्याच्या पट्ट्या तुम्ही तिरक्या मांडण्यांवर उन्हापावसात ठेवता. प्रत्येक पट्टी अर्धी झाकलेली, अर्धी उघडी. काही वर्षांनी झाकण काढायचं आणि दोन्ही भाग शेजारी शेजारी बघायचे. रंग टिकतो की नाही हे आपण ठरवायचं नाही, ते हवा ठरवते, असं वन्सं म्हणतात. तुमच्या मोडीत निघालेल्या मांडण्याच आमच्या गच्चीवर आल्या आणि त्यांवर कुंड्या बसल्या. रीतसर पावती करून आल्या हो, व्यवस्थापकसाहेबांनी दचकू नये.

आमच्याकडे हिवाळा बराच कडक असतो आणि वर त्यात पाऊस पडतो. येणारा जाणारा प्रत्येक जण वन्सांना विचारायचा, “अहो, ही वाळवंटातली झाडं, यांना काचेचं घर नको का?” वन्सांचं उत्तर ठरलेलं. नुसती थंडी यांना मारत नाही. ओल आणि थंडी एकत्र आली की मारते. म्हणून माती कमी, खडी आणि विटांचे तुकडे जास्त. थंडीची चाहूल लागायच्या आधीच पाणी बंद. डोक्यावर एक पारदर्शक पत्रा, उताराचा, पावसापुरता. बाजू मात्र चारही मोकळ्या, वारा खेळला पाहिजे. जरा नाजूक असतील ते पाण्याच्या टाकीच्या भिंतीला लागून, कारण दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. फारच गारठलं तर वर्तमानपत्राची टोपी. बस्स, एवढाच लाड. हिवाळाभर ती झाडं आक्रसतात, सुरकुततात, जांभळट पडतात. बघणाऱ्याला वाटतं, गेली बिचारी. आणि ऊन तापायला लागलं की त्याच सुरकुतलेल्या गोळ्यावर हाताच्या पंजाएवढं फूल येतं. मला झाडांची फारशी आवड नाही. पण ते फूल बघायला मी दर वर्षी जिना चढते, हे कबूल केलं पाहिजे.

एकदा वन्सांनी एकाच झाडाची दोन पिल्लं, म्हणजे बुडाशी फुटलेले कोंब, काढली. एक गच्चीवर ठेवलं. दुसरं आमच्या ह्यांनी हट्टाने खाली दिवाणखान्यात आणलं, खिडकीपाशी. ह्यांचा जीव फार त्याच्यावर. पाणी काय, पुसणं काय, थंडीत पडदा ओढणं काय. ते झाड वाढलं. लांबुडकं, फिकं, खिडकीकडे मान वाकडी करून उभं. हे पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, “बघा, वरच्यापेक्षा उंच झालंय.” वन्सं ऐकायच्या आणि काकडी चिरत राहायच्या. वरचं बुटकं होतं, ते फुलायचं. खालचं आजतागायत फुललेलं नाही. त्याला आता काठीचा आधार दिला आहे.

पुढची गोष्ट सांगू की नको, असा विचार मी काल करत होते. सांगते, कारण त्याशिवाय माझं मत कळायचं नाही. वन्सांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं त्या हिवाळ्यात त्या दवाखान्यात होत्या आणि इकडे कडाक्याची थंडीची लाट आली. हे अस्वस्थ. ताईची झाडं मरतील, ताई आल्यावर काय दाखवू? मी म्हटलं, राहू द्या तशीच, त्यांनी काही सांगितलेलं नाही. ऐकतात कुठे. जाड प्लॅस्टिक आणलं, सगळी गच्ची चारी बाजूंनी गच्च बांधली, आत दिवे लावले, आणि बिचारी सुकलीत म्हणून प्रत्येकाला पोटभर पाणी घातलं. त्यात कष्ट किती होते, हे मी पाहिलं आहे. बोटांना भेगा पडल्या होत्या ह्यांच्या.

वन्सं घरी आल्या, जिना हळूहळू चढून वर गेल्या. प्लॅस्टिक सोडलं. आतून गरम, कुबट वास आला. एका गोल निवडुंगाला त्यांनी बोट लावलं, तर बोट आत गेलं. नंतर दुसऱ्याला लावलं. हे दारात उभे होते. म्हणाले, “ताई, मी चांगल्यासाठीच केलं गं.” वन्सं म्हणाल्या, “माहीत आहे रे.” मग म्हणाल्या, “बरं.” एवढंच. चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. कठड्यावरच्या कुंड्यांपर्यंत प्लॅस्टिक पोचलं नव्हतं, तेवढ्या उरल्या होत्या. त्यांच्या पिल्लांपासून वन्सांनी गच्ची पुन्हा भरली. त्याला किती वर्षं गेली, ते तुमच्यातल्या ज्यांनी त्यांना आणखी पिल्लं आणून दिली त्यांना विचारा. ज्या दिवशी त्या ‘बरं’ म्हणाल्या, त्या दिवशी मी त्यांच्याकडे बघत होते. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आता मुद्द्यावर येते. आमच्या चिरंजीवांचं लग्न ठरलंय. गेल्या महिन्यात जेवताना ह्यांनी बेत मांडला. गच्चीवर भिंती घालून, वर स्लॅब टाकून मुलासाठी दोन खोल्या काढायच्या. वन्सांनी खाली स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत यायचं. ती खोली लहान आहे, खिडकी जिन्यात उघडते, पण ऊबदार आहे आणि जिना चढायला नको. निवडुंग बंद गॅलरीत ठेवायचे. “आयुष्यभर राबलीस, ताई,” हे म्हणाले, “आता आराम कर. आम्ही आहोत ना तुझं सगळं बघायला.” मनापासून म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं.

वन्सांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि म्हणाल्या, “बरं.”

अध्यक्ष महोदय, माणसं एकच शब्द पुन्हा कधी बोलतात, हे लक्षात ठेवण्याचाच मला पगार मिळत होता. घर दोघा भावंडांच्या नावावर आहे. वन्सांच्या सहीशिवाय वीटही चढत नाही, आणि सोमवारी त्या सही करणार आहेत.

झाडाचं माणसाला लावू नये, असं वन्सं नेहमी म्हणतात. मी लावत नाही. मी फक्त पाहिलेलं सांगितलं. आता मत.

वन्सं, सही करू नका.

अहो, तिसऱ्या रांगेत उठू नका, बसा. संपलं नाही अजून. घरी मी हे बोलले असते तर तुम्ही मला मध्येच तोडलं असतं, वन्सं म्हणाल्या असत्या “जाऊ दे गं”, आणि विषय तिथेच मिटला असता. इथे इतकी माणसं आहेत, तुम्हांला ओरडता येणार नाही, म्हणून मी ही जागा निवडली. आणि मुलाचं म्हणाल, तर त्याला आणि होणाऱ्या सूनबाईंना आपल्या डोक्यावर राहायचंच नाही. दोन गल्ल्या सोडून त्यांनी जागा बघून ठेवली आहे. बाबांना सांगायची छाती होत नव्हती, एवढंच. मुलगा मागच्या दारापाशी उभा आहे. पळू नकोस रे.

राहता राहिला वन्सांच्या गुडघ्यांचा प्रश्न. तो खरा आहे. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवून घेऊ. डोक्यावर पत्रा हवाच, तो माझ्या मते आम्ही आहोत. बाजू तेवढ्या मोकळ्या राहू द्या.

आपण सर्वांनी वर्गणी काढून वन्सांना ही पाय लांब करून बसायची खुर्ची भेट दिलीत, त्याबद्दल घरच्यांच्या वतीने मनापासून आभार. खुर्ची जड आहे. ती स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत मावणार नाही, मी मोजून पाहिलं आहे. ती गच्चीवर जाईल, टाकीच्या भिंतीपाशी, आणि जिन्यावरून तिची पुढची बाजू माझे यजमान उचलतील. मागची मुलगा उचलेल.

व्यवस्थापक महोदयांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. घरचं बोलणं चारचौघांत आणलं, हा प्रमाद झालाच आहे. सभागृहाने तो पोटात घालावा. यजमानांची माफी मी घरी जाऊन मागेन, खुर्ची वर पोचल्यावर.

आणि वन्सं, आता तुम्ही बोलायला उभ्या राहाल. हो म्हणा, नाही म्हणा, माझ्यावर रागवा, हवं तर सगळ्यांसमोर मला चार शब्द सुनवा. फक्त ‘बरं’ तेवढं म्हणू नका.