पुडिंग मात्र दोघींना एकच

...आणि पुडिंग तेच! नाही, तुम्हीच सांगा, वृद्धाश्रमात एका टेबलावर दोन म्हाताऱ्या, एक माझी आई, एडना, वय अठ्ठ्याऐंशी, कंबरेचं हाड मोडल्यापासून तिथेच. आणि समोर ती माव्हिस, आमच्याच गल्लीतली. दोघींपुढे तोच जॅम रोल, तेच पिवळंधमक कस्टर्ड... आणि आमची आई आठवड्याला भरते चौदाशे पौंड! अन् माव्हिस? तिची पेन्शन तेवढी घेतात, बाकीचं कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, भरतं, वर हातखर्चाला तीसेक पौंड आठवड्याला. लाड नुसते!

तुम्ही म्हणाल, क्लाइव्ह, असेल बिचारी गरीब. गरीब कसली! तुम्हाला सांगतो, ऐंशीच्या दशकात कौन्सिलने आमची घरं भाडेकरूंनाच विकायला काढली. बाबांनी घेतलं, पंचवीस वर्षं हप्ते फेडले. घर आपलं झालं हे गल्लीला कळायला नको? म्हणून आधी पुढचं दार बदललं, पितळी कडी लावली, आणि आई ती कडी रोज पुसायची, माव्हिस बाहेर आली की जरा जास्तच! आणि माव्हिसचा नवरा काय म्हणायचा माहितीये? "कोण बसतंय हप्ते फेडत! चल माव्हिस, स्पेनला!" दरवर्षी स्पेन! उन्हाने लालबुंद होऊन परत यायची बया. आणि आम्ही? पावसात, कॅरॅव्हानमध्ये, चहाची एक पिशवी दोन कपांत. आई म्हणायची, "बघशील, म्हातारपणी रडतील."

रडतायत ना! कस्टर्ड चापून रडतायत!

गेलो मी कौन्सिलमध्ये. समोर एक बाई, आवाज इतका मऊ की मलाच वाटलं घरात कोणी गेलंय. "आईंच्या नावावर घर आहे ना, मिस्टर हेग? मग ते हिशेबात धरावं लागतं. शिल्लक सव्वातेवीस हजारांच्या खाली येईपर्यंत सगळा खर्च त्यांचाच." म्हटलं, अहो, पण घर तुम्हीच विकलंत आम्हाला! "हो का? छान!" छान काय, छान! म्हटलं, बरं, मग माझ्या नावावर करतो. तिने पेन खाली ठेवलं. "खर्च चुकवायला केलंत, तरी ते त्यांचंच धरतो आम्ही." म्हटलं, आणि पैसे पूर्वीच सहलींवर उडवले असते तर? "मग काय, प्रश्नच नव्हता." ऐकलंत? उडवलं त्याला माफी, साठवलं त्याला शिक्षा, आणि पुडिंग तेच!

आता लपवत कशाला, त्या घरावर माझा डोळा होता. एकुलता एक आहे मी. मनातल्या मनात स्वयंपाकघराची भिंतसुद्धा पाडून झाली होती! पण फी भरायची कुठून? आईचं मुखत्यारपत्र माझ्याकडे, शनिवारी 'विकणे आहे'ची पाटी लागली. त्यात माव्हिसचा मुलगा, डेरिक, गाडी थांबवून काच खाली करतो: "अरेरे, क्लाइव्ह! वाईट वाटतं रे. आमचं बरं, आमच्याकडे विकायलाच काही नाही!" असा जळफळाट झाला म्हणून सांगू... रात्रभर दात खात होतो.

रविवारी ठरवून गेलो. म्हटलं, आज आईला सगळं सांगायचं, रडली तर रडली. जेवणं चालली होती. आईच्या कानाशी वाकलो, म्हटलं, आई, घर विकायला काढलं गं. वर्षाला त्र्याहत्तर हजार जातायत तुझे. आणि पुडिंग तेच...

"पुटपुटतोस काय! मोठ्याने बोल. किती?"

त्र्याहत्तर.

"अरे, मोठ्याने! माव्हिसला कमी ऐकू येतं."

म्हटलं, त्र्याहत्तर हजार पौंड!! अख्खी खोली वळली. आईने मान ताठ केली, रुमालाने ओठ टिपले. "आम्ही आमचं आम्ही भरतो हो, माव्हिस. पहिल्यापासून सवयच आहे."

माव्हिसचा चमचा हवेतच राहिला. चेहरा असा पडला, काय सांगू... वाटी सरकवून उठलीच ती! आणि माझी आई, बाबा गेल्यापासून जी धड हसली नव्हती, ती माझा हात दाबून म्हणते, "पाहिलंस तिचं तोंड?"

पाहिलं ना!

आता दर रविवारी जातो, बरोबर जेवणाच्या वेळेला. आकडा ओरडतो आणि घरी येतो. एप्रिलपासून फी वाढणार आहे म्हणे... आई दिवस मोजतेय!