जीन्सच्या चिंध्या

उल्हासनगरच्या कोर्टाबाहेर बाकावर नणंद-भावजय भांडत होत्या. शेजारच्या वेणूबाईंनी पदर सावरायचं निमित्त करून कान तिकडेच लावले.

"वहिनी, गुन्हा कबूल कर, दंड भर आणि घरी चल."

"अगं किर्ते, कपाळावर चोराचा शिक्का बसला तर कुठला कारखाना मला परत मशीनवर बसवील?"

"मग कारखान्यातल्या चिंध्या उचलल्यास कशाला?"

"गटार तुंबतं म्हणून म्हातारे शेठच म्हणायचे, काशी, घेऊन जा. वीस वर्षं नेल्या. ते वारले, लेक गादीवर बसला, आणि पहिल्याच महिन्यात त्यानं पोलीस बोलावले."

"मेलेला माणूस येतोय होय साक्षीला?"

"त्यांची बायको येतेय ना. ती बघ, रिक्षातून उतरली."

"बगलेत काय गं तिच्या?"

"गोधडी. त्याच चिंध्यांची. मीच शिवून दिलेली."

शेठाणी लेकाला पुढे घालून आली.

"काशी, घाबरू नको. हा केस मागे घेतो तर ठीक. नाहीतर जजसाहेबाला सांगते, चोरीचा माल माझ्या पलंगावर आहे, पहिले मला आत टाका."

"मम्मी, घेतो ना मागे! हळू बोल, लोक ऐकतायत."

वेणूबाई बाकावर सरकल्या.

"बसा हो, बाई. पोराला राहू दे उभा."